डाव्या गुडघ्याची साथ

सोमवारी सकाळी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की 'चाळणी' ठेवायची की टाकून नवी यंत्रणा आणायची याचा निर्णय त्याने घ्यायचा आहे. तीन पानी रिपोर्ट, दोन आठवडे मुदत.

"मीच का?"

"कारण बाकी सगळ्यांना यावर मत आहे. तुला आजवर कशावरच मत नव्हतं. मला निःपक्षपाती माणूस हवाय."

हे कौतुक आहे की नाही, यावरही त्याचं मत झालं नाही. म्हणून तो 'बरं' म्हणून बाहेर आला.

त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. कोणता पेशंट, कोणता वॉर्ड, कसलं ऑपरेशन, कितवा नंबर. हे सॉफ्टवेअर इतकं मोठं झालं होतं की एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला काय कोसळेल, ते कोणालाच सांगता येत नसे. म्हणून प्रत्येक बदलानंतर अकरा हजार चारशे टेस्ट चालवून बघायच्या, की जुनं काही मोडलं नाही ना. या टेस्ट चालवणारी यंत्रणा म्हणजे चाळणी. चौदा वर्षांपूर्वी ऑफिसातच लिहिलेली. सकाळी अकराला सुरू केली की ती साडेचारला संपे. रोज तीसेक टेस्ट नापास होत. रोज तीच तीस असती तर कोणीतरी दुरुस्तही केली असती, पण रोज वेगळी. त्यामुळे लाल दिसलं की पुन्हा चालवायचं, आणि पुन्हा लाल दिसलं की चहाला जायचं, अशी रीत पडली होती.

त्याचं काम टेस्ट लिहिण्याचं, म्हणून ऑफिसात त्याला टेस्टर म्हणत. घरी काहीच म्हणत नसत. घरी आई होती, आणि दोन माणसांच्या घरात हाक मारायला नाव लागत नाही.

आईचा डावा गुडघा गेलेला होता. ती सकाळी पलंगावरून खुर्चीपर्यंत यायची आणि संध्याकाळी खुर्चीवरून पलंगापर्यंत जायची. मधल्या वेळात फोनकडे बघायची. हॉस्पिटलच्या यादीत तिचा दुसरा नंबर होता. सात महिने दुसराच होता.

"एक दिवस पहिला होता की माझा," ती सांगायची. "मग कोणीतरी तातडीचा आला. आपण काय म्हणणार? त्याला जास्त दुखत असेल."

मंगळवारपासून टेस्टर मतं गोळा करू लागला. सगळ्यात आधी गेला आजोबांकडे. आजोबा म्हणजे चाळणीचे जनक. वय चोपन्न, पण केस तिशीतच पांढरे झाल्यामुळे हे पद त्यांना लवकर मिळालेलं. ते तळघरातल्या शेवटच्या टेबलाशी बसत. तिथली ट्यूबलाइट वर्षभर फडफडत होती, आणि तिची तक्रार कुठे करायची याचा फॉर्म त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणून कोणी केली नव्हती.

"नवीत असं काय आहे?" आजोबांनी विचारलं.

शेजारच्या टेबलावर उत्साही होता. ऑफिसात त्याला याच नावाने ओळखत. तो खुर्चीसकट वळला. "आजोबा, सगळ्या टेस्ट चाळीस मिनिटांत! आणि प्रत्येक टेस्टला नवा, कोरा पेशंट. सगळ्या टेस्ट संपल्या की मागचं सगळं पुसून साफ."

"दर टेस्टला नवा माणूस," आजोबा म्हणाले. "ओळख नाही, पाळख नाही. आणायचा, वापरायचा, पुसून टाकायचा."

"अहो, तो माणूस नसतो."

"म्हणून काय झालं?"

चाळणीत सगळ्या टेस्टना मिळून एकच पेशंट होता. पहिल्याच दिवशी आजोबांनी घाईत बनवलेला: नाव नमुना, पुरुष, डावा गुडघा, तातडीची केस. तातडीची अशासाठी, की टेस्टला रांगेत थांबायला वेळ नसतो. तेव्हापासून सगळं त्याच्यावरच. रोज दोन हजार ऑपरेशनं. प्रसूती विभागासाठी वेगळी बाई बनवायचा कंटाळा केल्यामुळे नमुन्याला रोज चार वेळा जुळंही व्हायचं. दुपारी दोन-दहाला तो वारायचा. दोन-अकराला 'चुकीची मृत्युनोंद दुरुस्त करणे' या टेस्टमध्ये परत यायचा. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर राजीनामा दिला असता.

टेस्टरने कागदावर मधोमध रेघ मारली. चाळणीच्या बाजूने सतरा मुद्दे निघाले, नवीच्या बाजूने सतरा. त्याला फार बरं वाटलं.

बुधवारी आईला महिन्याच्या तपासणीला न्यायचं होतं. हॉस्पिटलच्या बोळात फिनेलचा वास होता आणि बाकावर माणसं अशी बसली होती, की त्यांना तिथेच बनवलं असावं. खिडकीशी पोचल्यावर आईने आपलं सोडून आधी दुसऱ्याचीच चौकशी केली.

"पहिल्या नंबरवाल्यांचं काही कळलं का हो?"

"काय सांगू मावशी," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "फोन उचलत नाहीत. पण रोज दुपारी त्यांची नोंद बदलते. म्हणजे माणूस आहे आणि त्याला ऑपरेशन हवंय."

"मग दुसऱ्याला बोलवा ना," टेस्टर म्हणाला.

"सिस्टिम सोडत नाही. पहिल्याने तीनदा नको म्हणायला हवं, नाहीतर तो जायला हवा. तोवर मागचे सत्तेचाळीस जण तसेच. आमचे गुडघ्याचे डॉक्टर सात महिने कोपरं करताहेत."

"जायला हवा म्हणजे?"

"जायला हवा म्हणजे जायलाच हवा. तसे ते रोज जातात, दोन-दहाला. मी फॉर्म काढायला घेते, तर तो प्रिंटरमधून बाहेर येईस्तोवर हे परत आलेले असतात."

"किती सोसतो गं बाई," आई हळहळली.

टेस्टर खिडकीत वाकला. "जरा स्क्रीन वळवता का?"

बाईंनी वळवली. पहिला नंबर: नमुना. पुरुष. डावा गुडघा. तातडीची केस. अपत्यं: एक हजार दोनशे.

ऑफिसात परतून त्याने चाळणीची सेटिंगं उघडली. नमुना कुठल्या हॉस्पिटलात भरती करायचा, हे तिथे एका ओळीत लिहिलेलं असे. तिथे खोट्या, सरावाच्या हॉस्पिटलचा पत्ता असायला हवा होता. होता खऱ्याचा. शेजारी शेरा होता: 'तात्पुरतं. उद्या काढणे.' खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. तारखेखाली सही त्याची स्वतःची.

त्याला आठवलं. त्या दिवशी सरावाचं हॉस्पिटल बंद पडलं होतं, एक टेस्ट लाल होती आणि त्याला साडेपाचला निघायचं होतं. आईला यादीत पहिला नंबर लागल्याबद्दल मिठाई न्यायची होती.

त्याने ओळ काढली नाही. आधी तो मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हे तू कुठे लिहिलंस का?"

"नाही. पण हॉस्पिटलला लेखी कारण दिल्याशिवाय नाव काढता येत नाही म्हणून—"

"मग देऊ नकोस. काहीतरी न लिहिता होईल असं बघ."

संध्याकाळी त्याने आईलाही सांगितलं.

"आई, तुझ्या पुढचा तो पेशंट खरा नाहीये."

"म्हणजे ढोंग करतोय?"

"नाही गं. तो नाहीचे. ऑफिसने बनवलेला आहे. आणि यादीत घातला मी. चुकून. तात्पुरता."

आईने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"सात महिने मी त्याच्यासाठी वाईट वाटून घेतलं," ती म्हणाली.

"हो."

"एका दुपारी तर मला उगाचच वाटलं, की गेला वाटतं बिचारा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"तसा तो गेलाच होता. रोज दुपारी—"

"तू गप्प बस."

मग तिनेच पुढे सांगितलं, "हे बघ, मला चालायचंय. मरायच्या आधी मला एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी भाजी निवडायचीय. तू आणतोस ती मी गुपचूप खाते. पण ती भाजी नसते रे."

त्या रात्री टेस्टरला आयुष्यात पहिल्यांदा मत आलं. त्याला ते फार जड गेलं.

गुरुवारी तो आजोबांकडे गेला. "नमुन्याला काढायची सोय आहे ना चाळणीत?"

"मी माणसं काढायचं काही लिहिलेलंच नाही," आजोबा म्हणाले. "तो माझा स्वभाव नाही."

मग तो उत्साहीकडे वळला. "तुझी नवी खरंच सगळं साफ करते?"

"काडीही ठेवत नाही!"

टेस्टरने विचार केला. नवीची चाचणी तर रिपोर्टसाठी घ्यावीच लागणार होती. सेटिंगं बदलली नाहीत तर ती त्याच खऱ्या हॉस्पिटलात जाईल, आणि येताना नमुन्यालाही झाडून आणेल. कोणाला काही लिहून द्यायला नको. त्याने उत्साहीला सांगितलं, "तुलना न्याय्य व्हायला हवी. सेटिंगं आहेत तशीच उचल." निःपक्षपाती माणसाचं म्हणणं म्हणून उत्साहीने ते मान डोलावून ऐकलं.

शुक्रवारी बरोबर अकराला नवी सुरू झाली. प्रत्येक टेस्टला नवा पेशंट, तोही सुरुवातीलाच बनवून ठेवायचा, ही तिची खासियत होती, आणि पेशंट कसा असतो हे तिला एकाच माणसावरून ठाऊक होतं.

अकरा-वीसला आईचा फोन आला.

"अरे, आताच हॉस्पिटलचा मेसेज आलाय. माझा नंबर अकरा हजार चारशे दोन."

"आई, थांब जरा."

"मी थांबलेलीच आहे. थांबायचं काम मला जमतं. पण एवढी माणसं एका सकाळी पडली कशी?"

हाच प्रश्न हॉस्पिटलच्या संचालकांनाही पडला होता. अकरा हजार चारशे पुरुष, सगळे चोपन्न वर्षांचे, सगळ्यांची एकच जन्मतारीख, सगळ्यांचा डावा गुडघा, सगळे तातडीचे. त्यांनी वर कळवलं. वरच्यांनी आणखी वर कळवलं. अकरा-पस्तीसला सगळ्यात वरून हुकूम आला, की डाव्या गुडघ्याची साथ आहे. तीन जादा सर्जन तातडीने पाठवत आहोत. उजव्या पायावर शक्यतो भार द्यावा.

अकरा-चाळीसला नवी संपली आणि तिने शब्दाला जागून आपले अकरा हजार चारशे पेशंट पुसून टाकले. नमुन्याला मात्र तिने हात लावला नाही. तो तिचा नव्हता. स्वच्छ माणसं दुसऱ्याच्या पसाऱ्यात पडत नाहीत.

साथ पाच मिनिटांत आटोक्यात आणल्याबद्दल संचालकांचं वरून अभिनंदन झालं. जादा सर्जन दुपारी येऊन पोचले, हात धुऊन बसले. यादीत पहिला नमुना, दुसरी आई. पहिल्याला ओलांडता येत नव्हतं. आता एकाऐवजी चार सर्जन थांबले होते.

टेस्टरने ती सात महिन्यांची ओळ काढून टाकली आणि तळघरात उतरला.

"आजोबा, नमुन्याची जन्मतारीख कोणाची आहे?"

"माझीच. दुसऱ्या कोणाची आठवणार?"

"आणि डावा गुडघा?"

आजोबांनी टेबलाखाली पाय जरा आत घेतला.

"मग सोमवारी माझ्याबरोबर चला. खिडकीवर 'मीच तो' म्हणायचं आणि तीनदा नको म्हणायचं. बस. नाव निघालं, की माझ्या आईचा नंबर येईल."

"चौदा वर्षं त्याच्याकडून नको नको ते करून घेतलं मी," आजोबा म्हणाले. "आता नको म्हणायलाही मीच जाऊ?"

"त्याला बोलता येत नाही."

आजोबांनी यावर पूर्ण शनिवार-रविवार विचार केला. सोमवारी ते धुतलेला शर्ट घालून आले.

खिडकीतल्या बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ओळखपत्रसुद्धा नीट बघितलं नाही. जन्मतारीख जुळली, एवढं बास. "अहो, होतात कुठे इतके दिवस? आणि मुलं कशी आहेत सगळी?"

"ठीक आहेत," आजोबा म्हणाले.

"ऑपरेशनला तयार आहात ना?"

"नको."

"पहिला नकार," बाईंनी नोंदवलं. "नियमाप्रमाणे विचार करायला पंधरा मिनिटं बाकावर बसा."

पंधरा मिनिटांनी दुसरा नकार झाला. टेस्टर बोटांवर मोजत होता. एक राहिला होता. आजोबा पुन्हा बाकावर बसले, आणि वेळ झाली तसे उठायला लागले. उठताना त्यांनी एक हात भिंतीवर ठेवला आणि एक गुडघ्यावर. नेमका तेव्हा तीन जाद्यांपैकी एक सर्जन बोळातून येरझाऱ्या घालत होता. चार दिवस त्याच्या हाताला काम नव्हतं. तो थांबला, खाली वाकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "फार दुखतं का?"

चौदा वर्षांत आजोबांना लोकांनी बरंच काही विचारलं होतं. टेस्ट लाल का, चाळणी हळू का, ती अजून का. हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा जरा हलला.

"हो," ते म्हणाले.

"आजोबा!" टेस्टर ओरडला.

"खूप दुखतं हो," आजोबा म्हणाले, आणि सर्जन त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला.

मंगळवारी नमुन्याचं ऑपरेशन झालं, यावेळी एकदाच. यादी पुढे सरकली. संध्याकाळी फोन वाजला. आईने तो पहिल्याच घंटेला उचलला. गुरुवार, सकाळी नऊ, उपाशीपोटी यायचं.

टेस्टरला वाटलं, संपलं. पण रिपोर्ट राहिला होता. बुधवारी मॅडमनी बोलावलं.

"बोल. चाळणी की नवी?"

"चाळणी आजोबांशिवाय सुरू होत नाही. पासवर्ड त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांना भुलीतून अजून नीट जाग नाही. नवी चालवायला तुम्हीच बंदी घातलीय, साथीमुळे."

"म्हणजे सोमवारपासून टेस्ट चाललेल्याच नाहीत?"

"एकही नाही."

"मग काय झालं?"

त्याने आठवून पाहिलं. "काही नाही."

"कोणाची तक्रार?"

"नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "दहा दिवस तू दोनच पर्याय तोलत बसलास. हा तिसरा तुला सुचला कसा नाही?"

"मॅडम, टेस्ट न करता—"

"लाल नाही, पुन्हा चालवणं नाही, भांडणं नाही. एका पानात लिहून दे. आणि हो, टेस्टसाठी थांबलेला अपडेट आज दुपारीच सगळ्या हॉस्पिटलांना सोडतोय आपण."

"उद्या माझ्या आईचं ऑपरेशन आहे," टेस्टर म्हणाला.

"अरे वा! मग नव्या आवृत्तीवर होईल."

गुरुवारी पावणेनऊला आईला स्ट्रेचरवर घेतलं. वरती हिरवी चादर घातली. टेस्टर स्ट्रेचरबरोबर चालत होता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भिंतीवर मोठा स्क्रीन होता, आणि त्यावर आईचं सगळं अचूक आलं होतं. वय बरोबर, रक्तगट बरोबर, वेळ बरोबर. तो सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात शेवटची ओळ वाचली. अवयव: उजवा गुडघा.

"सिस्टर, डावा! डावा आहे!"

"स्क्रीनवर उजवा आहे," सिस्टर म्हणाल्या.

"स्क्रीन चुकलाय!"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. हे सॉफ्टवेअर आमचं आहे."

सिस्टरने त्याच्याकडे जराशा आदराने पाहिलं. "मग बरोबरच असणार."

"बदला ना तो!"

"कालपासून बदल घेतच नाहीये. सेव्ह दाबलं की 'धन्यवाद' येतं, आणि परत उजवाच."

आतून सर्जन आला. त्याने स्क्रीन वाचला, हातमोजे चढवले. टेस्टर स्ट्रेचरवर वाकला. "आई, अगं सांग त्यांना. आई, ते उजवा लिहून आलंय..."

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "हॉस्पिटल आहे."

आणि तिने गुडघ्यांवरची चादर बाजूला सारली.

उजव्या गुडघ्यावर, न पुसणाऱ्या काळ्या शाईच्या जाड पेनने, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'हा नाही.' डाव्यावर लिहिलं होतं: 'हा.' आणि त्याच्याखाली जरा बारीक अक्षरात: 'दोनदा तपासलं आहे.'

सर्जनने एक गुडघा वाचला, दुसरा वाचला. मग वर स्क्रीनकडे पाहिलं आणि पुन्हा गुडघ्याकडे.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. काल दुपारी," आई म्हणाली. मग टेस्टरकडे बोट दाखवून तिने शांतपणे पुढचं सांगितलं. "हा कुठे कामाला आहे, ते मला ठाऊक आहे ना."

सर्जनने मान हलवली, सिस्टरला स्क्रीन बंद करायला सांगितलं आणि स्ट्रेचर आत ढकललं.